प्रयोजन : आग

माझ्या भाचीची बॅचलरेट पार्टी अग्निसुरक्षा प्रशिक्षण शिबिर म्हणून पार पडली. यात माझा दोष किती आणि परिस्थितीचा किती, हा हिशेब मी बरेचदा मांडून पाहिला आहे. दर वेळी बाकी माझ्याच नावावर निघते. तरी माझी बाजू कुणीतरी ऐकून घ्यावी असं वाटतं, कारण ती आजवर कुणी ऐकलेली नाही. ज्यांना ऐकवायची, ते सगळे ऐन वेळी नाकाला ओला टॉवेल लावून रांगत होते.

भाचीला घरात सगळे पिल्लू म्हणतात. हे पिल्लू उंच इमारतींमधल्या ऑफिसांत जाऊन, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे लोकांना शिकवतं. मोठमोठे साहेब तिच्या शिट्टीवर जिने उतरतात म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की घरात तिचं एक वाक्य पुरं झालेलं मी ऐकलेलं नाही. ती "मला वाटतं" म्हणते, आणि तिला पुढे काय वाटतं ते ताई सांगते. ताई म्हणजे तिची आई, माझी थोरली बहीण.

लग्न ठरल्यावर ती एका संध्याकाळी कामावरून परस्पर माझ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि गळ्यातली शिट्टी काढून ओट्यावर ठेवली.

"मावशी, लग्न ठरल्यापासून मला काही न सांगता भेटलेला एकही माणूस नाही. लिफ्टवालासुद्धा सांगतो."

"तो काय सांगतो?"

"पहिलं वर्षभर सासूला उलट उत्तर देऊ नका म्हणतो. दार बंद होईपर्यंत सांगत असतो."

मी हसले. ती हसली नाही.

"मैत्रिणी म्हणतायत, बॅचलरेट पार्टी करू. शनिवार-रविवार वर डोंगरात जाऊ. मला नाचायचं वगैरे फार नाहीये गं. मला फक्त दोन दिवस असे हवेत, की कुणी मला काही सांगणार नाही. मग मी जातेच आहे तिकडे."

तिकडे म्हणजे सासरी, दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. ते 'तिकडे' तिने ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात लोक माझ्या खिडकीशी येऊन "आमच्याकडे दोन दिवस लाइट नाही" म्हणतात. मी वीजकंपनीत तक्रार खिडकीवर बसते. आवाजावरून तक्रार खरी की उगाच, हे मला कळतं. ही खरी होती.

"कुणी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "माझा शब्द."

इथपर्यंतचं सगळं माझ्या जमेला धरावं. पुढचं नाही.

बॅचलरेट पार्टी म्हणजे लग्नाआधी नवरीने आणि तिच्या मैत्रिणींनी लांब कुठेतरी जाऊन हसायचं, असा मला अर्थ समजला. ताईला तो सांगितला, तेव्हा तिने विचारलं, "इथे हसायला काय झालं?" त्या घरात मीही फारशी हसलेली नाही.

मैत्रिणींनी वरची रिसॉर्टं पाहिली होती. एकाने नुसत्या बायकांचा ग्रुप घेत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने इतक्या आनंदाने घेतो म्हणून सांगितलं की यांनीच फोन ठेवला. तेव्हा मी अगदी सहज म्हणून गेले, "आमच्या कंपनीचं विश्रामगृह आहे की वर." चारही मुलींनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी पाहिलेलं नाही. आदराची सवय नसलेल्या माणसाला तो असा अचानक मिळू नये. डोक्यात जातो.

विश्रामगृहाचा अर्ज कर्मचारी कल्याण विभागात द्यायचा असतो. तिथला कारकून अर्ज मन लावून वाचतो, हा त्याचा एकमेव दोष.

"प्रयोजन काय लिहू?" त्याने विचारलं.

"भाचीचं लग्न आहे. तिच्या मैत्रिणी आणि ती, दोन दिवस."

"लग्न वर आहे?"

"लग्न नाही. लग्नाच्या आधीचं."

"साखरपुडा?"

"नाही हो. नुसतं हसायचं."

त्याने पेनाचं टोपण लावलं. कंपनीच्या नियमात तीनच प्रयोजनं होती. कौटुंबिक सहल, आजारपणानंतरची विश्रांती आणि प्रशिक्षण. सहल म्हटली तर मैत्रिणी कुटुंबात बसत नव्हत्या. विश्रांती म्हटली तर प्रत्येकीला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागणार होतं, आणि पाच तरण्याताठ्या मुलींना एकदम काय झालं होतं, हे कुठला डॉक्टर लिहून देणार.

"मुलगी करते काय?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "मग अग्निसुरक्षा प्रशिक्षण लिहू. आगीला कुणी नाही म्हणत नाही. फक्त किमान सात प्रशिक्षणार्थी लागतील. आणि प्रशिक्षण झालं, असा तिथल्या व्यवस्थापकांचा शेरा लागेल. तो ते असाच देतात."

ते तो शेरा असाच देत नाहीत, हे आम्हाला वर गेल्यावर कळलं.

आता चूक. ती नीट सांगते, कारण घरात तिच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत.

मी ताईकडे बसले होते. विहीणबाईंचा, म्हणजे पिल्लूच्या होणाऱ्या सासूबाईंचा, फोन आला. ताई आत होती म्हणून मी घेतला. इकडचं तिकडचं झालं. पिल्लू काय करतेय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मैत्रिणींबरोबर वर डोंगरात जाणार आहे. "अरे वा," त्या म्हणाल्या, "छान." आणि त्या 'छान'नंतर जी जराशी शांतता पडली, ती भरून काढण्यासाठी माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीही या ना."

आपण सगळेच हे म्हणतो. दारातून जाणाऱ्याला जेवायला बसा म्हणतो, आणि तोही "नको, आत्ताच झालं" म्हणून आपली अब्रू राखतो. या सगळ्या व्यवहारात देणं-घेणं शून्य असतं, म्हणून तर तो इतकी वर्षं सुरळीत चालला आहे.

विहीणबाई म्हणाल्या, "येते की. कधी निघायचंय?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ताईने माझ्या तोंडाकडे पाहून आधी गॅस बंद केला.

"तू त्यांना बोलावलंस?"

"बोलावलं नाही. या ना म्हटलं."

"आणि त्या?"

"येते की म्हणाल्या."

ताई खुर्चीवर बसली. "त्या येणार आणि मी नवरीची आई घरात बसू? काय म्हणतील त्या?" झालं, ताई वाढली. ताई येते म्हटल्यावर पिल्लूची आत्या वाढली, कारण मुलीच्या बापाच्या बाजूचं कुणी नको का. आत्या आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होती आणि समोरच्या माणसाने काय करू नये, हे तिला तो दारात दिसताक्षणी कळतं.

शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी फक्त सल्ला विचारायला गेले होते. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमचा जिना त्या अजून रांगेत चढायला लावतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्या बायका म्हणजे शिस्तीचा प्रश्न येणार. मी येते."

एकीकडे ही भर पडत असताना दुसरीकडे मैत्रिणी गळत होत्या. विहीणबाई येणार कळल्यावर एकीची रजा नामंजूर झाली. ताई येणार कळल्यावर दुसरीच्या घरी पाहुणे आले. आत्याचं नाव ऐकून तिसरीला ताप आला, तोही बहुधा आत्याच्या भीतीने थर्मामीटरमध्ये न दिसणारा. उरली एकटी उंच मैत्रीण. ती पिल्लूची शाळेपासूनची, तिला पळता आलं नाही.

पिल्लूला हे सगळं मीच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बरं. जाऊ दे मावशी. सवय आहे."

त्या 'सवय आहे'ने माझी दोन रात्रींची झोप नेली. मी मनाशी ठरवलं, की शब्द दिला तो दिला. कुणी काही सांगायला लागलं, तर ते मध्येच अडवायचं. तक्रार खिडकीवर दुसरं काय करतो आपण.

विहीणबाई रात्रीच्या गाडीने आल्या. हातात एक सुटकेस, खांद्याला एक पर्स. पर्स त्या खांद्यावरून उतरवीत नव्हत्या, चहा पितानासुद्धा. मिनीबसमध्ये मी पिल्लूला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला, वाटेत अडसर म्हणून बसले.

घाट सुरू व्हायच्या आत पहिली माहिती आली.

"पिल्लू," मागून आत्या म्हणाली, "नव्या घरात पहिल्या आठवड्यात..."

"आत्या, ते मला सांगा," मी म्हटलं. "मी पोचवते."

"तुला सांगून काय उपयोग? तुझं काय लग्न आहे?"

"नाही. पण माझी स्मरणशक्ती चांगली आहे."

वर पोचेपर्यंत माझ्या खात्यावर पुष्कळ गोष्टी जमा झाल्या होत्या. नवऱ्याच्या कपाटाला पहिलं वर्षभर हात लावू नये. नवऱ्याचं कपाट पहिल्याच दिवशी आवरावं. रडू आलं तर न्हाणीघरात रडावं. रडू आलं तर सगळ्यांसमोर रडावं, म्हणजे पुढे कुणी रडवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, ते लिहून घ्यायला हवं होतं. ताई काही सांगत नव्हती, सारखी पिल्लूच्या पाठीवर शाल सरकवत होती. पण तेही एक प्रकारचं सांगणंच. विहीणबाई मात्र बाहेर बघत होत्या.

"तुम्ही नाही काही सांगत?" मी त्यांना हळूच विचारलं.

"काय सांगू? मी इथे प्रथमच येतेय," त्या म्हणाल्या. मी सासरबद्दल विचारत होते, त्या दरीबद्दल बोलत होत्या. "मला आजवर पुष्कळ लोकांनी 'या ना' म्हटलं. मी प्रत्येकाला नको म्हटलं. आमचे हे गेल्यावर मी एकदा बसून आठवायला लागले, तर कुठे गेलेच नव्हते. मग ठरवलं, आता जो पहिला 'या ना' म्हणेल, त्याच्याकडे जायचं."

"आणि पहिली मी निघाले."

"हो ना," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या तुम्ही."

विश्रामगृहाच्या दारावर कापडी फलक होता, 'अग्निसुरक्षा प्रशिक्षण शिबिर : सहर्ष स्वागत'. त्याखाली व्यवस्थापक उभे होते. कडक इस्त्री, कोटाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी मला "शिबिरप्रमुख आपण?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नमस्कार केला. उंच मैत्रिणीच्या हातात फुगे होते आणि 'होणारी नवरी' असं चमकीने लिहिलेला गुलाबी पट्टा होता. व्यवस्थापकांनी फुग्यांकडे पाहिलं.

"हे?"

"सिलिंडर फुगतो, त्याचं प्रात्यक्षिक," मैत्रीण म्हणाली. उंच माणसांवर लोक लवकर विश्वास ठेवतात.

"उत्तम. शिबिर कधी सुरू करताय? मला बसायला आवडेल. शिवाय यादीत प्रशिक्षक सोडून सहाच नावं दिसतात. सातवा मी होतो, म्हणजे नियमात बसेल. मग शेरा देईन. खोल्या उघडून ठेवल्यात, पण शेरा नसेल तर रात्री राहता येत नाही."

बाहेर धुकं उतरलं होतं आणि मिनीबस परत गेली होती. मी पिल्लूकडे पाहिलं. ती व्यवस्थापकांकडे बघत होती. मग तिने पिशवीतून शिट्टी काढली आणि गळ्यात घातली, आणि आमच्या घरात जन्मलेल्या कुणाही बाईच्या तोंडी मी न ऐकलेल्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, "सामान खोल्यांत ठेवा. टॉवेल ओले करून आपापल्या जागी बसा. शिट्टी झाली की आग लागली असं समजायचं. त्यानंतर कुणी बोलायचं नाही."

"पण पिल्लू, गुडघे..." आत्या म्हणाली.

"आत्या, त्यानंतर म्हणजे आत्तापासून."

आत्या गप्प झाली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

शिट्टी झाली. त्या लांबलचक कॉरिडॉरमधून आम्ही जे निघालो, ते दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि विसरू देणारही नाही. सगळ्यांत पुढे व्यवस्थापक, इस्त्रीसकट रांगत. मागे मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनी रांगताना बोलू नये हे पहिल्यांदाच दुसऱ्याकडून ऐकलं होतं. आत्याने गारठा म्हणून गुलाबी पट्टा गळ्याला गुंडाळला होता आणि मागून ती होणारी नवरी दिसत होती. पिल्लू भिंतीला धरून वाकून चालत होती आणि प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून पुढे काढत होती. "खाली. अजून खाली. धूर वर असतो. छान. चला."

दाराशी विहीणबाई थांबल्या. स्वतःच्या रिकाम्या खांद्याला हात लावून त्यांनी मागे पाहिलं. पर्स राहिली होती. त्या वळल्या.

"मागे फिरायचं नाही," पिल्लू म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. होणाऱ्या सासूला असं, तेही लिफ्टवाल्याने एवढं सांगून ठेवल्यावर.

"पर्स राहिली गं," विहीणबाई टॉवेलातून म्हणाल्या.

"राहू दे पर्स. तुम्ही या."

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि आल्या.

हिरवळीवर धुक्यात आम्ही उभे राहिलो. पिल्लूने माणसं मोजली, मग पुन्हा मोजली. एक कमी होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. खरी आग नव्हती, हे ठाऊक असूनही धुक्यातला एकेक चेहरा पुन्हा पाहिला.

"ताई," मी म्हटलं.

पिल्लू दाराकडे बघत उभी राहिली. आत्ताच तिने ज्यांना मागे फिरायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मग ती आत गेली.

"हे नियमात बसत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"गप्प बसा हो," विहीणबाई म्हणाल्या.

खोलीत काय झालं, ते मला माहीत नाही. उघड्या दारातून मला एवढंच दिसलं होतं, की शिट्टी झाली तेव्हा ताई पलंगावर पिल्लूच्या शालीची घडी घालत बसली होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. बराच वेळ गेला. मग त्या दोघी बाहेर आल्या, टॉवेल नाकाला लावून, वाकून, एकमेकींचे हात धरून. दोघींचे डोळे लाल होते. सराव धुराचा असल्यामुळे ते नियमात बसलं. व्यवस्थापकांनी खिशातलं मधलं पेन काढून शेरा लिहिला, 'समाधानकारक'.

त्यानंतर रविवार संपेपर्यंत कुणी पिल्लूला काही सांगितलं नाही. उलट विचारत राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, आमच्या जिन्यात आग लागली तर आधी कोण उतरेल. आत्याने विचारलं, तेल पेटलं तर झाकण कुठल्या बाजूने सरकवायचं. विहीणबाई हिरवळीवर खुर्ची टाकून बसल्या आणि मध्येच म्हणाल्या, "बाई, मी जरा त्या कड्यापर्यंत जाऊन येऊ का?" पिल्लू हसली. उंच मैत्रिणीने फुगे फुगवले. आम्ही थोडं हसलोसुद्धा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. पिल्लूची शाल आता ताईच्या स्वतःच्या खांद्यावर होती.

उतरताना घाटात पिल्लूने माझ्या दंडावर डोकं टेकलं. इतर सगळ्या पेंगल्या होत्या.

"मावशी."

"हं."

"मला तिकडे जमेल ना?"

माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. ती एवढीशी होती, तेव्हापासून तयार होतं. पण दोन दिवस अजून संपले नव्हते.

"मी शब्द दिलाय, काही सांगणार नाही म्हणून," मी म्हटलं. "घाट उतरला की सांगते."

ती हसली, आणि घाट उतरायच्या आत झोपून गेली.

आम्ही आधी स्टेशनवर थांबलो. विहीणबाईंची गाडी लागली होती. पर्स खांद्यावर होती, ती व्यवस्थापकांनी स्वतः आणून दिली होती. विहीणबाईंनी ताईचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. मग त्या डब्यात चढल्या आणि खिडकीशी बसल्या. निरोप देताना काहीतरी म्हणावं लागतं. त्या मला म्हणाल्या, "बरं झालं हो, ओळख झाली. लग्न झाल्यावर तुम्हीही या ना आमच्याकडे एकदा."

"येते की," मी म्हटलं. "कधी येऊ?"

विहीणबाईंचा चेहरा जरासा थांबला. महिनाभरापूर्वी, तो फोन हातात असताना, माझा चेहरा असाच झाला असणार. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं.

"पहिल्याच महिन्यात या," त्या म्हणाल्या. "चांगल्या आठवडाभर राहायच्या बोलीवर."

"आठवडाभराची रजा टाकते," मी म्हटलं.

गाडी हलली. मी वळले, तर मागे पिल्लू उभी होती, झोपेतून उठून आलेली, केस विस्कटलेले, हातात एक उरलेला फुगा.

"मावशी," ती म्हणाली, "तू मला काहीतरी सांगणार होतीस."

"आत्ता तेच तर सांगत होते," मी म्हटलं.